शटल: धोटा, बस आणि बॅडमिंटनचे फूल

वाचकांचे प्रश्न

रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा सोलापूरहून आलेल्या पत्रांत ‘शटल’ हा शब्द सर्वांत जास्त वेळा आला. जगात बहुतेक ठिकाणी शटल म्हटले की बस किंवा बॅडमिंटन आठवते. सोलापुरात मात्र हा शब्द आपल्या जुन्या धंद्यात, म्हणजे विणकामात, अजून कामावर आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच शब्दाला दिले आहे.

प्रश्न: शटल बस, शटल रेल्वे, बॅडमिंटनचे शटल, अंतराळातले शटल. या सगळ्यांत समान काय? मूळ अर्थ कोणता?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सात रस्ता)*

उत्तर: समान आहे ती ये-जा. पण मूळ अर्थात ये-जा नव्हती, फक्त जाणे होते. जुन्या इंग्रजीत ‘श्यूतेल’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ भाला, बाण, फेकून मारायचे हत्यार. ‘शूट’ या क्रियापदाच्याच कुळातला हा शब्द. नेम धरून सोडलेली वस्तू पुढे जाते आणि परत येत नाही, एवढाच त्यात भाव होता.

चौदाव्या शतकापर्यंत हा शब्द विणकराच्या हातात आलेला दिसतो. मागावर ताण्याचे उभे धागे दोन थरांत उघडले, की मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन एक लाकडी वस्तू फेकावी लागते. ती फेकायची म्हणून तिला शटल म्हटले गेले. मराठीत तिला धोटा म्हणतात. अर्थ वळला तो इथे. भाला एकदाच जातो, धोटा मात्र डावीकडून उजवीकडे गेला की लगेच उजवीकडून डावीकडे फेकावा लागतो. कापडाची एक इंच लांबी विणायची, तर जितके आडवे धागे तितक्या फेऱ्या. जो कोणी विणकराला काम करताना पाहील, त्याच्या डोळ्यांत भरणार ती ही न थांबणारी ये-जा. सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘शटल’ हे क्रियापद झाले आणि त्याचा अर्थच ‘इकडून तिकडे सारखे जाणे-येणे’ असा झाला. फेकणे गळून पडले.

पुढचा प्रवास सोपा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन स्थानकांदरम्यान सतत ये-जा करणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीला शटल म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या फेऱ्यांना हा शब्द लागला. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर तडजोडीसाठी एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत सतत विमानाने फिरत राहिले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला ‘शटल डिप्लोमसी’ असे नाव दिले. अंतराळयानाला हे नाव मिळण्याचे कारणही तेच. त्याआधीची याने एकदाच वापरायची असत. ‘कोलंबिया’ १२ एप्रिल १९८१ रोजी उडाले आणि पृथ्वीवर उतरून तेच यान पुन्हा उडणार होते. १९८१ ते २०११ या काळात शटलांची १३५ उड्डाणे झाली. कल्पना चावला यांची १९९७ आणि २००३ची दोन्ही उड्डाणे कोलंबियातूनच झाली होती.

शब्द नेमका वापरायचा असेल तर एक कसोटी लक्षात ठेवावी. दोन ठरलेली टोके, मधले अंतर कमी आणि फेऱ्या वारंवार असतील तर ती शटल सेवा. रेल्वे स्थानक ते हॉटेल अशी दिवसभर धावणारी गाडी शटल आहे. सोलापूरहून पुण्याला दिवसातून एकदा जाणाऱ्या गाडीला शटल म्हणता येणार नाही. शहराभोवती गोल फिरणाऱ्या बसलाही हा शब्द नीट बसत नाही, कारण ती आल्या वाटेने परत जात नाही.

प्रश्न: इंग्रजी पुस्तकात ‘फ्लाइंग शटल’ हा मोठा शोध म्हणून वाचला. आमच्या कारखान्यात ‘शटल उडाले’ म्हणजे अपघात. दोन्ही एकच का?
*(यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)*

उत्तर: शब्द तोच, पण अर्थ अगदी उलटे. एकात शटल मार्गावरून वेगाने धावते, दुसऱ्यात ते मार्ग सोडते.

१७३३ पूर्वी विणकर धोटा एका हाताने फेकत असे आणि दुसऱ्या हाताने झेलत असे. त्यामुळे कापडाची रुंदी माणसाच्या दोन हातांच्या अंतरावर अडलेली होती. जास्त रुंद कापड विणायचे तर मागावर दोन माणसे बसत. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात बरी या गावाजवळ जन्मलेल्या जॉन के याने १७३३ साली पेटंट घेतले. त्याने फणीच्या (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) खाली धोट्यासाठी एक पट्टी बसवली, तिच्या दोन्ही टोकांना पेट्या केल्या, धोट्याला छोटी चाके लावली आणि पेटीतल्या पिकरला, म्हणजे धोट्याला धक्का देणाऱ्या ठोकळ्याला, दोरी बांधली. विणकर मधली मूठ झटक्याने ओढतो, पिकर धोट्याला मारतो आणि धोटा पट्टीवरून पलीकडच्या पेटीत जातो. एक हात मोकळा झाला, रुंदीची मर्यादा गेली आणि काम जवळपास दुप्पट झाले. सूत कातणाऱ्यांना विणकराचा वेग पुरवता येईना, आणि कताईच्या यंत्रांची निकड त्यातून निर्माण झाली. सोलापुरातल्या साध्या यंत्रमागावर आजही तत्त्व हेच आहे. दोरीच्या जागी पिकिंग स्टिक (पिकरला झटका देणारी काठी) आली आणि हाताच्या जागी मोटर, इतकाच फरक.

आता तुमच्या अपघाताबद्दल. साध्या यंत्रमागाचे शटल साधारण एक ते सव्वा फूट लांब असते, भरलेल्या कांडीसह (आडव्या धाग्याच्या रिळासह) त्याचे वजन पाव ते अर्धा किलो भरते आणि ते सेकंदाला १० ते १५ मीटर वेगाने जाते. दोन्ही टोकांना पोलादी टोपणे असतात. अशी वस्तू मार्ग सोडून माणसाच्या डोळ्याला किंवा कपाळाला लागली तर इजा गंभीरच होणार. म्हणून प्रत्येक वेळी नेमके कारण शोधलेच पाहिजे. ‘परत चालू करून बघू’ हा उपाय नाही.

मिनिटाला १२० पिक, म्हणजे शटलच्या १२० फेका, असतील तर एका पिकला अर्धा सेकंद मिळतो. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा शटलच्या प्रवासाला असतो. उरलेल्या वेळात फट उघडायची, मिटायची आणि फणीने धागा ठोकायचा. या वेळापत्रकात जरा गडबड झाली की शटल अडखळते. तपासायच्या गोष्टी अशा. सर्वांत आधी फट. खालचा थर पट्टीला टेकलेला नसेल, वर उचलला गेला असेल, तर शटलचे टोक त्यावर चढते आणि ते वर उडते. एखादा ताण्याचा धागा तुटून शेजारच्या धाग्यांत गुंतला असेल, तरी तोच परिणाम होतो. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. त्यानंतर वेळ. पिकिंग उशिरा होत असेल तर शटल बाहेर पडायच्या आत फट मिटू लागते. मग ते एक तर अडकते किंवा बाहेर फेकले जाते.

पिकरकडे दुर्लक्ष होते. त्यातला शटलच्या टोकाचा खळगा झिजून मोठा झाला किंवा एका बाजूला सरकला, की शटल निघतानाच वाकडे निघते. पिकर स्वस्त असतो, तो वेळेवर बदलावा. पेटीत शटलला धरणाऱ्या ‘स्वेल’ या दाबपट्टीचा दाबही पाहावा. दाब कमी असेल तर शटल पेटीच्या टोकाला आपटून मागे येते आणि पुढचा मारा अर्धवट बसतो. दाब जास्त असेल तर ते पेटीतून निघतानाच शक्ती गमावते आणि पलीकडे पोहोचत नाही. शेवटी फणी आणि पेटीची मागची भिंत एका सरळ रेषेत आहेत का, हे लांब पट्टी लावून पाहावे. फणी पुढे आली असेल तर शटल तिला घासून बाहेरच्या बाजूला वळते. झिजलेल्या शटलचा तळ आणि पाठ यांतला कोन बिघडतो. अशा शटलची कितीही दुरुस्ती केली तरी त्याचा भरवसा धरू नये.

मोटर बंद करून, पट्टा सुटा करून आणि माग हाताने फिरवून ही तपासणी करावी. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, आल्यावरही हाच नियम. फणीच्या पुढे आडवी लोखंडी सळई, म्हणजे शटल गार्ड, बसवलेला असावा. अडचण होते म्हणून तो काढून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते आणि ती धोक्याची आहे.

प्रश्न: शटलमध्ये कांडी बसवल्यावर धागा शटलच्या डोळ्यातून (बाजूच्या भोकातून) तोंडाने ओढून घेतात. याला इंग्रजीत वेगळे नाव आहे असे ऐकले.
*(कन्ना चौक)*

उत्तर: आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या गिरण्यांमध्ये याला ‘किसिंग द शटल’, म्हणजे शटलचे चुंबन, असे म्हणत. नाव गोड आहे, प्रकार अजिबात नाही. एकच शटल अनेक कामगारांच्या तोंडाला लागत असे आणि क्षयासारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात. श्वासाबरोबर कापसाचा तंतू आणि खळीची भुकटीही आत जाई. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद केली. लँकेशायरमध्ये मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली.

त्यावर दोन सोपे उपाय आहेत. एक, बारीक तारेचा आकडा. तो डोळ्यातून बाहेरच्या बाजूने आत घालावा, धाग्याचे टोक अडकवावे आणि ओढावे. दुसरा उपाय अधिक चांगला. स्वतः धागा घेणाऱ्या डोळ्याचे शटल वापरावे. त्याच्या डोळ्याला वरून तिरकी चीर असते. धागा चिरेवर ठेवून ताणला की तो आपोआप आत बसतो. धागा सारखा चिरेतून निसटत असेल, तर चिरेची कड झिजली आहे असे समजावे.

कांडीबद्दलही इथेच सांगून टाकू. कांडी सैल भरली तर शटलच्या धक्क्याने एकदम अनेक वेटोळी सुटतात आणि चादरीत गाठीसारखा गोळा दिसतो. ती जास्त जाड भरली तर आतल्या भिंतीला घासून धागा तुटतो. शटलच्या आतल्या बाजूला लावलेली लव किंवा नायलॉनचे केस धाग्याला हलका ताण देण्यासाठी असतात. ते झडले असतील तर ताण जातो आणि कापडाच्या काठाला सैल फासे येतात.

प्रश्न: चादरीतले आडवे रंग नेहमी सम संख्येच्या पिकांतच का बदलतात? जुने कामगार सांगतात, पण कारण सांगत नाहीत.
*(टेक्स्टाइल डिझाइन शिकणारा विद्यार्थी, भवानी पेठ)*

उत्तर: कारण शटलला घरी परत यावे लागते. बऱ्याच मागांवर एका बाजूला चार कप्प्यांची वर-खाली होणारी पेटी असते आणि दुसऱ्या बाजूला एकच कप्पा. लाल धाग्याचे शटल चार कप्प्यांच्या बाजूने निघून पलीकडे गेले, की पुढच्या पिकला त्याला परतच यायला हवे. तसे झाले नाही तर पलीकडचा एकमेव कप्पा अडून राहतो. म्हणून प्रत्येक रंगाच्या पिकांची संख्या २, ४, ६ अशी सम असते. एकेक पिकने रंग बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंना अनेक कप्पे लागतात. ही कप्प्यांची पेटी जॉन केच्या रॉबर्ट नावाच्या मुलाने १७६०च्या सुमारास काढली.

जॅकार्डवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, नक्षी काढताना ही मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. कार्डे पाडून झाल्यावर लक्षात आली, तर नक्षी पुन्हा मांडावी लागते.

प्रश्न: आमच्या घरी तेलुगूत धोट्याला ‘नाडे’ म्हणतात, शेजारी कन्नडमध्ये ‘लाळी’. इंग्रजांना बाण आठवला. इतर भाषांना काय आठवले?
*(साखर पेठ)*

उत्तर: होडी. धोट्याचा आकार पाहा: दोन्ही टोके निमुळती, मध्ये पोकळी, पोकळीत सामान. लॅटिनमध्ये त्याला छोट्या नावेचे नाव आहे, फ्रेंचमध्ये ‘नावेत’ आणि जर्मनमध्ये ‘विणकराची छोटी होडी’ अशा अर्थाचा शब्द. रशियन ‘चेल्नोक’ म्हणजेही आधी होडी, मग धोटा.

या भाषांमध्येही धोट्यावरून ये-जा हा अर्थ स्वतंत्रपणे तयार झाला आहे. फ्रान्समध्ये विमानतळावरच्या बसला ‘नावेत’ म्हणतात आणि अंतराळातल्या शटललाही तोच शब्द. सोव्हिएत संघ मोडल्यावर तुर्कस्तान-चीनला जाऊन पिशव्या भरून माल आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना रशियात ‘चेल्नोक’ म्हणत. इटालियनमध्ये ‘धोटा करणे’ म्हणजे दोन ठिकाणांत सारख्या फेऱ्या मारणे. नाव बाणावरून आलेले असो वा होडीवरून, लोकांच्या मनावर ठसली ती धोट्याची हालचाल.

आपल्याकडचे जुने नाव ‘तसर’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १३०व्या सूक्तात यज्ञ कापडासारखा विणला जातो अशी कल्पना आहे, आणि त्यात सामगानांना विणण्याचे तसर म्हटले आहे. टसर रेशीम हे नाव याच शब्दावरून आले असे मानले जाते. त्या किड्याचा कोष धोट्यासारखा लांबट असतो. इंग्रजीत टसरला ‘टसोर’ किंवा ‘टसा’ म्हणतात, ते इथूनच गेलेले शब्द. म्हणजे इंग्रजीत धोट्यासाठी शटल हा घरचा शब्द आणि धोट्याच्याच नावावरून, पण रेशमासाठी, आपल्याकडून गेलेला टसर, असे दोन्ही आहेत.

प्रश्न: शटल म्हणजे बाण, तर आपला ‘ताणा-बाणा’मधला बाणाही बाणच ना?
*(दाजी पेठ)*

उत्तर: नाही. शब्द सारखे दिसतात म्हणून मोह होतो, पण बाणा, म्हणजे आडवा धागा, हा शब्द संस्कृत ‘वान’ म्हणजे विणणे यावरून आला आहे. ‘तंतुवाय’ म्हणजे विणकर या शब्दातही तोच धातू आहे. धनुष्याच्या बाणाशी त्याचा संबंध नाही.

फेकण्याचा अर्थ शोधायचाच असेल तर तो इंग्रजी ‘वार्प’मध्ये सापडतो. वार्प म्हणजे ताणा, आणि हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘फेकणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. ‘शॉट सिल्क’ हेही पाहा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेले रेशीम, ज्याला आपण धूपछाव म्हणतो, त्याला इंग्रजीत शॉट म्हणतात. त्यातल्या ‘शॉट’चा बंदुकीच्या गोळीशी संबंध नाही. धोट्याने फेकलेला आडवा धागा तो शॉट.

प्रश्न: शिलाई मशीनच्या खालच्या भागाला शटल का म्हणतात? तो तर इकडून तिकडे जात नाही. आणि धागा सारखा तिथेच अडकतो, त्याचे काय करावे?
*(शालेय गणवेश शिवणाऱ्या गटातील भगिनी, जुळे सोलापूर)*

उत्तर: पूर्वी जात असे. एलियास हो याने १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये खालचा धागा खरोखरच होडीच्या आकाराच्या छोट्या शटलमध्ये असे. सुई मागे येताना धाग्याचा फास तयार होई आणि शटल त्या फासातून पलीकडे जाऊन परत येई. मागाचीच कल्पना, फक्त लहान आकारात. पुढे हा भाग एका गोल खोबणीत अर्धा फेरा पुढे-मागे फिरू लागला. हालचाल सरळ रेषेतली राहिली नाही, पण ये-जा राहिली आणि नावही राहिले.

धागा अडकण्याचे बहुतेक वेळा कारण खोबणीत साचलेला सुताचा भुगा आणि कोरडेपणा हे असते. सुई सर्वांत वर आणा. बॉबिन केस (खालच्या धाग्याची डबी) काढा. खोबणीभोवतीच्या दोन छोट्या खिट्ट्या बाहेरच्या बाजूला वळवा, पातळ गोल कडे काढा आणि मग शटल मधल्या दांड्याला धरून बाहेर घ्या. शटल कसे बसले होते ते काढण्यापूर्वी नीट पाहून ठेवा, म्हणजे परत बसवताना घोटाळा होत नाही. कोरड्या ब्रशने भुगा काढा, फुंकर मारू नका, भुगा आत जातो. खोबणीत मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. स्वयंपाकाचे तेल मुळीच घालू नये, ते काही दिवसांत चिकट होते. सगळे बसवून चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवा आणि मगच शिवा. पहिले काही टाके चिंधीवर घ्या, नाहीतर पांढऱ्या शर्टावर तेलाचा डाग पडेल.

तरीही टाका सुटत असेल तर सुई पाहा. सुईच्या वरच्या जाड भागाची सपाट बाजू शटलचे टोक जिकडून जाते त्या बाजूला असावी. सुई उलटी बसली तर टोक फास पकडू शकत नाही. शटलच्या टोकावरून नख फिरवा. ते अडले तर टोक खरबडीत झाले आहे. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करता येते, पण टोक बोथट झाले असेल तर शटल बदलणेच बरे.

प्रश्न: बॅडमिंटनच्या फुलाला शटलकॉक का म्हणतात?
*(इयत्ता नववीतील विद्यार्थी, होटगी रोड)*

उत्तर: धोट्यासारखे ते दोन बाजूंमध्ये जात-येत राहते म्हणून शटल, आणि पिसे असतात म्हणून कॉक, म्हणजे कोंबडा. हा शब्द सोळाव्या शतकातला आहे, बॅडमिंटनच्या आजच्या खेळापेक्षा कितीतरी जुना. तेव्हा जाळी नसे. दोन मुले लाकडी फळीने फूल खाली न पडू देता एकमेकांकडे मारत. आजच्या नियमांप्रमाणे पिसांच्या फुलात १६ पिसे असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. कोरड्या हवेत पिसे लवकर मोडतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात खेळण्याच्या आदल्या रात्री डबीला थोडी वाफ दाखवून ती बंद करून ठेवली, तर फूल जास्त टिकते.

प्रश्न: आता सगळीकडे शटललेस माग येत आहेत. शटल नाही, तर धागा कोण नेतो?
*(अशोक चौक)*

उत्तर: रॅपियर मागात दोन बाजूंनी दोन पाती आत येतात. एक धागा मध्यापर्यंत आणते, दुसरी तो घेऊन बाहेर पडते. रॅपियर म्हणजे मुळात पातळ, लांब तलवार. एअर जेटमध्ये हवेचा झोत धागा नेतो, वॉटर जेटमध्ये पाण्याचा. वॉटर जेट सुती कापडाला चालत नाही, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि खळ विरघळते. तो कृत्रिम धाग्यांसाठी आहे.

शब्दाच्या दृष्टीने प्रोजेक्टाइल माग सर्वांत लक्षवेधी. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीचा हा माग १९५० च्या दशकात बाजारात आला. त्यात साधारण ९ सेंटिमीटर लांब आणि ४० ग्रॅम वजनाचा पोलादी तुकडा धाग्याचे टोक चिमट्यात धरून पलीकडे फेकला जातो. तो परत फेकला जात नाही, खालच्या पट्ट्यावरून सावकाश मूळ जागी येतो आणि तोवर पुढचा तुकडा सुटलेला असतो. प्रोजेक्टाइल म्हणजे फेकलेले अस्त्र, म्हणजे जुन्या इंग्रजीत श्यूतेलचा जो अर्थ होता तोच.

काठाचा फरक मात्र गिऱ्हाइकाने ओळखावा. शटलच्या मागावर धागा न तुटता वळून परत येतो, म्हणून काठ बंद आणि घट्ट असतो. शटललेस मागावर प्रत्येक पिकला धागा कापला जातो. काठाला झालर दिसते किंवा ती आत दुमडून विणलेली असते. चादर जुन्या मागावरची आहे की नव्या, हे काठ पाहून सांगता येते. यात प्रतीचा निवाडा नाही. सूत आणि वीण चांगली असेल तर दोन्ही टिकतात.

प्रश्न: दुकानाचे शटर आणि शटल यांचा काही संबंध?
*(दुकानदार, नवी पेठ)*

उत्तर: आहे, जवळचा. ‘शट’ या क्रियापदाचा जुना अर्थ दाराची कडी किंवा अडसर सरकवून घालणे. अडसर एका बाजूने दुसऱ्या बाजूला झटक्याने जातो, म्हणून ‘शूट’च्या कुळात तोही बसतो. अडसर घातला की दार बंद, त्यामुळे शटचा अर्थ नुसते ‘बंद करणे’ असा उरला. त्यावरून बंद करणारी फळी ती शटर. आधी खिडकीची, मग दुकानाची आणि एकोणिसाव्या शतकात कॅमेऱ्याचीही, जी क्षणभर उघडून लगेच मिटते.